साळवेकाकांची आटण

लग्नपत्रिका हातात आली की शेजारचे साळवेकाका ती वाचत नाहीत, आधी पट्टीनं मोजतात.

वाळूजच्या एका कारखान्यात ओतकामाचे लाकडी नमुने करण्यात त्यांची हयात गेली. ओतलेलं लोखंड थंड होताना आटतं, म्हणून नमुना जरा मोठा करायचा. हे एवढंच शहाणपण, पण काका ते साऱ्या जगाला लावतात. माझ्या जावयाची उंची ऐकून भर साखरपुड्यात म्हणाले, "आटण धरा, ताई. लग्नानंतर माणूस आटतो."

त्यांच्या वरच्या खोलीत लाडो राहतो. दक्षिण सुदानचा, बारी जमातीचा, इथं शिकायला आलेला. त्याच्या खिडकीत हातभर उंचीचा लाकडी पुतळा: ताठ उभा, हात अंगापासून सुटे, नाकडोळे जेमतेम. काकांनी पहिल्याच दिवशी त्याला मोजमापाचा व्हर्निअर लावला.

"डावा हात दोन सूत आखूड हाय. रिजेक्ट!"

लाडो हसला. "अंकल, ये मेरे दादा हैं. उनका हाथ ऐसा ही था."

पुतळा त्याच्या आजोबांचा होता; गेलेल्या माणसाचा असा पुतळा करून त्यांच्याकडं लोक घरात ठेवायचे, असं त्यानं सांगितलं. काकांनी व्हर्निअर खिशात घातला.

दुसऱ्या दिवसापासून जिनाभर भुसा आणि ढलप्या. मी झाडू घेऊनच भांडायला गेले. "काका, जिना म्हणजे काय कारखाना आहे?"

"ताई, सुमनच्या ब्लाउजची मापं हायेत का तुमच्याकडं?" काका खाली बघत म्हणाले. "जगाची मापं घेतली. तिचं कधी घेतलंच नाय."

सुमनकाकू जाऊन दोन वर्षं झाली. त्यांचे ब्लाउज मीच शिवायचे. वही शोधून दिली. त्यात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: डावा खांदा उतरता.

महिन्यानं पुतळा झाला. लाडोच्या आजोबांसारखाच ताठ, फक्त डावा खांदा उतरता. मापाच्या बरोबर चौथाईनं केलाय, असं काकांनी सांगितलं होतं. मी सवयीनं टेप लावला.

"चुकलात, काका! सगळीकडं थोडं थोडं जास्त आलंय."

"चुकलो नाय. आटण धरलीय." त्यांनी पुतळ्याच्या खांद्यावरचा भुसा हलकेच फुंकला. "दोन वर्षांत लई आटली ती माझ्या ध्यानातून. अजून आटंल."

मी टेप गुंडाळला. त्या दिवशी जिना मीच झाडला.