नळ असेल त्यालाच टँकर

"वसुंधरा, आधी तहानलेल्याला पाणी, मग आपल्या तोंडात घास," असं सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं. वसुंधराताई हे व्रत नेमाने पाळत. नवीन पनवेलच्या ऑफिसात डबा उघडण्याआधी खिडकीतल्या वाडग्यात चिमण्यांसाठी पाणी ओतत आणि मगच जेवत. उरलेला दिवस, उन्हाळी टँकर कुणाला द्यायचे ते संगणकातल्या याद्यांतून निवडणाऱ्या एसक्यूएल क्वेऱ्या लिहीत.

यंदा त्यांनी घरांच्या यादीचं टेबल नळजोडण्यांच्या टेबलाशी जोडलं. इनर जॉइन. म्हणजे दोन्हीकडे ज्याची नोंद, तोच निकालात उरणार. त्यानुसार टँकर शिस्तीत निघाले आणि नळ असलेल्यांच्याच दारी पोचले.

सकाळीच गव्हाण गावाहून रंभाबाई घरतांचा फोन आला. "बाय, टँकर कवा येनार? नळ नाय म्हून तर टँकर मागतो ना आमी!"

"आज पाणी येईल, मावशी. शब्द देते."

आपल्याच जपात कुठेतरी खंड पडला असणार, असं ठरवून ताईंनी एक माळ वाढवली. जॉइन होता तसाच राहिला. दुसऱ्या माळेनंतर मात्र जॉइनमधला घोळ दिसला. त्यांनी लेफ्ट जॉइन केला, म्हणजे नळ नसला तरी घर राहणार, आणि रंभाबाई निकालात अवतरल्या.

पण टँकरचं पाणी कुटुंबागणिक एक हंडा द्यायचं, म्हणून ग्रुपिंग, म्हणजे घरांचे गट पाडणं, आडनावावर होतं. ताईंच्या सोसायटीत दर दारावर वेगळी पाटी. कुटुंब म्हणजे आडनाव, ही त्यांची श्रद्धाच. गव्हाणची ती अख्खी आळी घरतांची. आळीचं एकच कुटुंब झालं आणि त्याला एक हंडा मंजूर झाला. घरक्रमांकावर ग्रुपिंग करून ताई सत्यजीत साहेबांकडे गेल्या.

"सर, क्वेरी दुरुस्त झाली. टँकर वळवायचे?"

"अहो, अहवाल वर गेला. तक्रारी शून्य! कौतुक झालंय आपलं."

"शून्य कशा? मीच फोन घेतला."

"तक्रार नळक्रमांकाशी जोडलेली असते, ताई. नळच नाही, तर तक्रार कशाची?"

"असं कोणी जोडलं?"

"तुम्हीच की! पेढे वाटले होतेत तेव्हा."

त्या दिवशी तुमच्या-माझ्या नळवाल्या सोसायट्यांत टँकर आला. कशाला, हे आपण विचारलं नाही. पार्किंग धुतलं, तुळशीला घातलं आणि अहवालात आपल्या नावापुढे 'समाधानी' लागलं.

जेवणाची वेळ झाली. ताईंनी सवयीने वाडगा भरला, डब्याच्या झाकणाला हात लावला आणि मागे घेतला. मग ऑफिसच्या कूलरशेजारचा भरलेला जार कवेत घेऊन त्या सावकाश जिना उतरल्या आणि रिक्षावाल्याला हलक्या आवाजात म्हणाल्या, "गव्हाण. घरत आळी."