सोमवारचे शेवट

सगूणने आयुष्यात शेकड्यांनी सिनेमे पाहिले आणि त्यातल्या एकाचाही शेवट पाहिला नाही.

यात आवडीनिवडीचा प्रश्न नव्हता, फेरीबोटीचा होता. सगूण हरमलचा शिंपी. जुनी माणसं त्याला पोर्तुगीज वळणाने 'आल्फायत' म्हणत. दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात तो दोरे, बटणं, अस्तर आणायला जाई, तीनच्या खेळाला थेटरात बसे आणि बरोबर साडेपाचला उठे. शिवोलीहून वेळेत नदी ओलांडली नाही, तर पलीकडे चोपड्याला हरमलची शेवटची बस निघून जायची. पडद्यावर कुणीतरी कुणाच्या तरी बहिणीवर पिस्तूल रोखलेलं असे आणि सगूण दोऱ्यांची पिशवी काखेत मारून, लोकांचे पाय तुडवत, "बस सुटता रे, बस सुटता!" म्हणत बाहेर. पुढची सगळी रांग त्या पिस्तूलवाल्यापेक्षा त्याच्यावर जास्त चिडे.

शुक्रवार ते सोमवार त्याच्याकडे कपडा शिवायला टाकू नये, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवसांत त्याचं डोकं अर्ध्या सिनेमात अडकलेलं असे. एका शनिवारी त्याने पोस्टमनच्या शर्टाचा खिसा आतल्या बाजूला लावला. पोस्टमन ओरडला, तर म्हणतो, "थांब रे. ती पोर थंय विहिरीच्या काठार उबी आसा, आनी तुका खिसो पडला!"

मी तेव्हा हरमलच्या मराठी शाळेत मास्तर होतो. माझं घर म्हापशाला. शनिवारी दुपारी घरी जायचं, रविवारी सगूणने अर्धा सोडलेला सिनेमा पुरा पाहायचा आणि सोमवारी पहिल्या बसने शाळेत यायचं, हा माझा क्रम. बसमधून उतरलो की समोर सगूणचं दुकान. तोंडात टाचण्या धरून तो पायरीवर उभा असे. टाचण्यांतूनच तो दिवसभर बोले. गिऱ्हाइकांशी, मशीनशी, कावळ्यांशीही. पण मी दिसलो की एकेक टाचणी तोंडातून काढून बाहीला टोचायचा, भरघोस मिशीवरून हात फिरवायचा आणि विचारायचा, "मास्तर, फुडें काय जालें?"

शेवट म्हणजे काजं-बटणं, असं त्याचं मत. "काज-बटण ना तो शर्ट हातांत धरूंक बरो, आंगार घालूंक ना."

सिनेमे तो शिवणीवरून पारखायचा. जुन्या काळ्यापांढऱ्या सिनेमांवर त्याची भक्ती होती. त्या काळी कोट खांद्यावर बसायचे, म्हणे, आणि हिरो गरीब असला तरी त्याचं ठिगळ सरळ असायचं. रंग आला आणि शिंपी बिघडले. शेजारच्या चहाच्या दुकानात बस सुटेपर्यंत वामन कंडक्टर बसलेला असे. त्याला फक्त मारामारी हवी. दोघांची जुंपली की ऐकत राहावं.

"काय ती फायटिंग रे सगूण! डोंगरावयल्यान पडलो हिरो!"

"पडलो मरे. एक बटण तुटलां? तुटूंक ना! वामन्या, माका तो हिरो नाका. ताचो दर्जी खंय रवता तो सांग."

त्या दिवसांत गोव्यात एकच विषय पेटला होता, मराठी की कोंकणी. सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालेलं. मी मराठीच्या सभांतून भाषणं करत फिरत होतो. दोन्ही बाजूंचे कापडी फलक सगूणनेच शिवले, आणि एकाच ताग्यातून. एकदा मी त्याला टोचून विचारलं, "सगूण, तू नेमका कुणाच्या बाजूचा?" तो म्हणाला, "शिवणीच्या. दोनूय फलकांची शिवण पळयात, फाटची ना."

सगूणला हरमलात अजूनही काही म्हातारे 'फटकिरो सगूण' म्हणतात. फटकिरो म्हणजे खोटारडा. ते नाव त्याला माझ्यामुळे पडलं. आज माझं वय झालं आहे, सभा संपल्या आहेत, म्हणून हे लिहून ठेवतो.

एका रविवारी घरी पाहुणे आले. जेवण झालं, मी आडवा झालो आणि सिनेमा राहिला. सोमवारी सगूणने टाचण्या काढल्या. त्याचा चेहरा बघून 'पाहिला नाही' असं म्हणवेना. मी दडपून शेवट सांगितला. नकली वारस पकडला जातो, कारण खऱ्या वारसाचा कोट त्याच्या अंगात बसत नाही, आणि खरा वारस तोच कोट घालून पुढे येतो. सगूण इतका खूश झाला, की त्या दिवशी त्याने माझ्या शर्टाची कॉलर उलटवून दिली, न मागता.

मला गोडी लागली. पुढच्या रविवारीही मी गेलो नाही. मग जाणंच सोडलं. शुक्रवारी किती पाहून झालं, हे तो स्वतःच दोन वाक्यांत सांगायचा. त्यावर मी घरी निवांत शेवट रचायचो. खुनी सापडायचा तो मुठीत राहिलेल्या बटणावरून. आंधळा बाप मुलीला ओळखायचा तो तिच्या रफूवर बोट फिरवून. बक्षीस समारंभात शिंपी पहिल्या रांगेत असायचा. मनात मी हसत होतो, हे लपवत नाही. दीडेक वर्ष हे चाललं.

मग तो हरवलेल्या मुलाचा सिनेमा आला. मी सांगितलेला शेवट असा. मुलगा मोठा होऊन गावी परततो, कुणीच ओळखत नाही. आई त्याच्या जुन्या सदऱ्याचं ठिगळ बघते आणि म्हणते, हा टाका माझा.

सगूण त्यावर हसला नाही. नुसता मशीनवर जाऊन बसला. त्याची स्वतःची आई तो रांगता असतानाच गेली होती. लग्न झालं नव्हतं. दुकानामागच्या खोलीत तो आणि चूल.

दोन दिवसांनी चहाच्या दुकानात वामनने त्याच सिनेमाची गोष्ट काढली. सगूणने ठिगळाचा शेवट सांगितला. वामन बाकावरून पडायचाच बाकी राहिला. "आवय? अरे, ती मध्यंतराआधीच मेली! चिता पेटयली तिची! भूत जावन आयली काय तुझी आवय?"

दुकान हसायला लागलं. सगूण उभा राहिला. "मास्तरांनी सांगलां. फट आसली तर मिशी काडीन!" आणि माझ्याकडे वळला. "मास्तर, सांगात हांका."

मी तिथेच होतो. सिनेमा मी पाहिलेलाच नव्हता. आई आधी मरते, हे मला काय माहीत? संध्याकाळी त्याच गावात माझी सभा होती. खरं बोललो, तर भाषणात लोक हसणार. आठ-दहा माणसं माझ्याकडे बघत होती. मी कप बशीत ठेवला आणि म्हणालो, "मी असं काही सांगितलेलं नाही. तुझ्या ऐकण्यात काही तरी गफलत झाली असेल, सगूण."

सगूणने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. सुईत दोरा ओवायला लागतो तेवढाच. मग लोकांकडे वळून म्हणाला, "व्हय. मास्तरांचें नांव हांवें उगीच घेतलें. शेवट हांवेंच रचलो."

दुसऱ्या दिवशी त्याला मिशी नव्हती. मिशीशिवाय त्याचं तोंड एखाद्या पोरक्या मुलासारखं दिसत होतं. मी शाळेला मागच्या पाणंदीने जाऊ लागलो. सोमवारी मात्र बस दुकानासमोरच थांबे. सगूण टाचण्या बाहीला टोचून पायरीवर उभा असे आणि मी छत्रीआड तोंड करून निघून जाई. त्याने हाक मारली नाही. पायरीवर उभं राहणंही सोडलं नाही. पुढे गोवा राज्य झालं, त्याच साली माझी बदली डिचोलीला झाली. निरोप न घेता गेलो.

गेल्या दिवाळीनंतर एकटाच हरमलला गेलो. फेरीबोटीच्या जागी आता पूल आहे; नदी कधी मागे पडली, कळलंही नाही. दुकानाभोवती 'खोल्या मिळतील'चे फलक, स्कूटर भाड्याने देणारे. मधे सगूण, त्याच मशीनवर, तोंडात टाचण्या. मिशी परत वाढलेली, पांढरी. मांडीवर कुणा परदेशी बाईची गुडघ्यात फाटलेली विजार होती. मला पाहून म्हणाला, "बसात. ही फाटकीच विकत घेतात, मास्तर. हांवें भोक शिवलें तर रागावली माका!"

जणू कालच भेटलो होतो.

मी बसलो. इतकी वर्षं घोकलेलं सगळं बोलून टाकलं. सिनेमे पाहिले नाहीत, शेवट खोटे होते, त्या दिवशी तुला तोंडघशी पाडलं. तो विजारीचा टाका उसवत ऐकत होता.

"माका खबर आसलें," तो म्हणाला.

"केव्हापासून?"

"पयल्याच शेवटापसून. तो कोटाचो खरो वारस तुमी शेवटाक उबो केलो मरे? तो साडेचारांकच बुडून मेल्लो."

"आणि ती आई?"

"तिची चिता हांवें ह्या दोळ्यांनी पळयली. शुक्रवारी."

"मग मिशी का लावलीस पणाला?"

त्याने विजार बाजूला ठेवली. "मास्तर, अख्ख्या गावाक हांवें मापान शिवलें. न्हवऱ्याक, भटाक, मेल्ल्याक सुद्धां. माका कोणी शिवलें ना. म्हजो शर्ट पसून हांवच शिवतां. तुमी सोमवारा येताले, तो शेवट माका मापान शिवून हाडताले. खरो शेवट वामन फुकट सांगतालो. तो सगल्यांचो." मग म्हणाला, "तो ठिगळाचो माका बरोबर बसलो. वामन हसलो, तें सोसलें ना."

बाहेर एक स्कूटर फटफटत गेली. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"आतां पूल जालो, तर थेटर बंद. टीव्हीर पळयतां. निमाणी अर्दी घडी उरली, की बंद करतां. संवय." मग जवळ सरकला. "तुमी बदली जावन गेल्यात, त्या शुक्रवारचो एक शेवट उरला. एक पोर दूर गांवच्या बसीत बसता. धांवता एक मनीस ताच्या पाठल्यान, हातांत सदरो घेवन. थंय साडेपांच जाले."

तो सिनेमाही मी पाहिलेला नव्हता.

सगूणने एकेक टाचणी तोंडातून काढली आणि बाहीला टोचली. आता त्याला वेळ लागत होता. मी थांबलो.

"मास्तर, फुडें काय जालें?"

"बस थांबते," मी म्हणालो.