पुरवठामंत्र्यांची पातेली

दादासाहेब कुणाच्याही घरी जेवायला गेले की आधी स्वयंपाकघरात शिरत. पातेलं उचलून डोळ्यांजवळ नेत, काठाखाली कोरलेलं नाव वाचत आणि निराश होऊन खाली ठेवत. स्टेट कॉलेज नावाच्या आमच्या अमेरिकन गावातल्या मराठी घरांना याची सवय झाली होती. नवीन कुणी आलं असेल तर दादासाहेबांची मुलगी, मंगलामावशी, आधीच फोन करून सांगायची, "बाबा तुमची भांडी चेक करतील हं. प्लीज माइंड करू नका."

दादासाहेब एके काळी आमच्या संस्थानातल्या तीन वर्तमानपत्रांचे मालक होते. दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा महाराजांनी त्यांना पुरवठामंत्री केलं. पुढे संस्थान गेलं, वर्तमानपत्रंही गेली, आणि वयाच्या पंचाहत्तरीत ते पत्नीसह मुलीकडे पेन्सिल्व्हेनियात आले. मंत्रिपद मात्र त्यांनी सोडलं नव्हतं. मावशीच्या फ्रिजवर रोज चिठ्ठी लागे: 'दही संपले. जबाबदार कोण? खुलासा करावा.' रविवारचं जाडजूड अमेरिकन वर्तमानपत्र आलं की ते आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवत. "सव्वादोन किलो! एवढ्या कागदात मी संस्थान महिनाभर चालवलं असतं. आणि आत काय? गाद्यांच्या जाहिराती!"

बोलत ते मथळ्यांत. जावयाच्या गाडीची किल्ली हरवली की जिन्यावरून आवाज येई, "प्राध्यापक हतबल! किल्लीचा शोध जारी!"

हा माणूस मला आवडायला नको होता. त्याला कारण होतं. मी वाढलो तो पत्रकांच्या गठ्ठ्यांवर, अगदी शब्दशः. आमच्या घरी पुढच्या खोलीत पायानं चालवायचं छपाईयंत्र होतं आणि वडील त्यावर महाराजांविरुद्ध, सावकारांविरुद्ध, पुढे काँग्रेसविरुद्धही पत्रकं छापत आले. त्यातलं सगळ्यात गाजलेलं पत्रक मला पाठ होतं: 'भांडीखाऊ मंत्री'. युद्धात विमानांसाठी म्हणून पुरवठामंत्र्यांनी प्रजेकडून भांडी गोळा केली होती. सुरुवात स्वतःच्या घरापासून केली आणि त्याचा फोटो आपल्याच तीन वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर छापला. वडिलांनी लिहिलं होतं, 'प्रजेची भांडी वितळतील. मंत्र्याची मात्र मागच्या दारानं घरी परत येतील.'

आणि चाळीस वर्षांनी तोच मंत्री माझ्या खटारा गाडीत शेजारी बसून म्हणत होता, "डावीकडे घे. तिथे गराज सेल दिसतोय."

दर शनिवारी हीच माझी ड्यूटी. मंगलामावशीच्या वरणभातावर आम्ही विद्यार्थी जगत होतो, नाही कसं म्हणणार? दादासाहेब टाय लावून निघत. अमेरिकन लोक गराजसमोर जुने दिवे, बाहुल्या, स्कीज मांडून बसलेले असत. दादासाहेब थेट पितळेकडे जात. हिंदुस्थानातून कुणीकुणी हौसेनं आणलेली आपली भांडी तिथे खरोखर निघत. कशात जिरेनियम लावलेलं, कशात छत्र्या ठेवलेल्या. माती झटकून दादासाहेब काठाखाली नाव शोधत. नाव कधी कुणा अनोळखी बाईचं असे, कधी झिजून गेलेलं असे. झिजलेलं असलं तर ते घेत.

शेवटी एका शनिवारी मला राहवलं नाही. गाडी कडेला घेतली.

"दादासाहेब, एक विचारायचंय. तुम्ही भांडी खाल्लीत का?"

"कुणाची?"

"प्रजेची. 'भांडीखाऊ मंत्री' हे पत्रक माझ्या वडिलांनी काढलं होतं."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटलं, आता उतरून चालत जातात.

"तू त्याचा मुलगा? आधी नाही बोललास! फर्स्टक्लास मथळा होता रे. आमच्या संपादकाला मी तो दाखवून म्हटलं, शिका जरा. पण एक तपशील चुकला होता. मी दिलेल्या भांड्यांची यादी छापलीत, त्यातून परात राहिली. खुलासा करावा."

"आधी तुम्ही करा."

त्यांनी केला. ती भांडी कुठल्याच विमानापर्यंत पोचली नाहीत. गोदामातच पडून राहिली. युद्ध संपल्यावर महाराजांनी फर्मान काढलं की ज्यांच्या भांड्यांवर नाव आहे त्यांनी ओळख पटवून घेऊन जावीत. रांगा लागल्या. लोक आपापली नावं वाचून हंडे-पातेली डोक्यावर घेऊन घरी गेले.

"तुमची?"

"आमच्या हिच्या माहेरची होती. प्रत्येकावर तिचं नाव. मी दारात उभा राहून सगळ्यांची वाटली." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "माझी उचलली असती तर तुझ्या वडिलांचं पत्रक खरं ठरलं असतं ना? पडू दिली. पुढे लिलावात कुठे गेली, कळलं नाही."

वडिलांचं पत्रक खोटं ठरलं होतं, आणि ते खोटं ठरावं म्हणून एका बाईच्या माहेरची भांडी गेली होती. मी गाडी सुरू केली.

घरी पोचल्यावर दादासाहेब गाडीतून सामान काढत राहिले. मी सरळ स्वयंपाकघरात गेलो. त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे आजी म्हणत असू, शेंगा सोलत होत्या. मी एका दमात सगळं सांगितलं आणि वडिलांच्या वतीनं माफी मागितली.

आजी हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, अंग हलेपर्यंत.

"अरे, ती भांडी? माझ्या आत्यानं घेतली होती, बुडाला पातळ! दर खेपेला दूध लागायचं. ह्यांनी विमानासाठी मागितली तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली."

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. पण पत्रकवाल्याचं रक्त गप्प बसेना.

"मग त्यांना खरं सांगत का नाही? बिचारे चाळीस वर्षं शोधतायत!"

"सांगणार होते. पण मग तीनही छापखाने गेले. ह्यांचा फोन वाजेनासा झाला. इथे तर ह्यांना ओळखणारं कोणी नाही." त्यांनी एक शेंग फोडली. "शनिवार आला की बघ, सकाळपासून टाय लावून बसतात. आणि खरं सांगू? माझ्यासाठी हा माणूस अजून पातेलं शोधतोय. मी कशाला थांबवू?"

तेवढ्यात दारातून आवाज आला, "चाळीस वर्षांच्या शोधाला यश!"

दादासाहेबांच्या हातात मातीनं भरलेलं पितळी पातेलं होतं. आजींनी ते सिंकमध्ये धुतलं, चष्मा लावला, उजेडाकडे धरून फिरवलं. काठाखाली काहीतरी झिजलेली अक्षरं होती. दादासाहेब श्वास रोखून उभे. मीही.

"छे हो," आजी म्हणाल्या. "आमच्या पातेल्याचा काठ जरा जाड होता."

दादासाहेबांनी खिशातून छोटी वही काढली आणि लिहिलं, 'काठ जाड.' मग माझ्याकडे वळले. "पुढचा शनिवार, सकाळी आठ. गाडी तयार असावी."

"असेल," मी म्हणालो.

आजी पातेलं घेऊन मागच्या अंगणात गेल्या. तिथे अशी पितळी पातेली ओळीनं मांडलेली होती आणि प्रत्येकात हिरवीगार कोथिंबीर उगवलेली होती.