अर्ध्या धारेची करवत

ज्याला कानस धरता येते त्याला जगात काही अवघड नाही, असं माझं ठाम मत होतं. सासऱ्यांनी विचारलं नव्हतं, तरी मी ते त्यांना सांगितलं.

झालं असं, की त्यांच्या अंगणातलं जुनं झाड वादळात पडलं आणि एकच धड ओंडका उरला. त्याची बसायला आसनं करायची, झाडाच्याच जागी मांडायची आणि संध्याकाळी सासूबाईंसोबत तिथे टेकायचं, एवढीच सासऱ्यांची इच्छा. ते सुताराला बोलावणार होते. मी म्हटलं, घरात जावई असताना सुतार कशाला?

माझ्याकडे बॅटरीवरची साखळी-करवत होती. साखळी इतकी बोथट, की लाकडाला नुसत्या गुदगुल्या व्हायच्या. मी धार लावायला बसलो, तेव्हा बायकोने जाड हातमोजे पुढ्यात टाकले आणि करवतीची बॅटरी काढून स्वतःच्या पर्समध्ये घातली. चुकून सुरू झाली तर बोटं शोधत बसावं लागेल, म्हणाली आणि कामावर गेली. हा अविश्वास मला झोंबला, पण हातमोजे घातले. बोटं शेवटी माझीच होती.

साखळीचा एक दात उजवीकडे तोंड करून असतो, पुढचा डावीकडे. उजवीकडचे माझ्या हाताला सोयीचे होते. गोल कानस फिरवून मी त्यांना आरशासारखं चकचकीत केलं. डावीकडच्यांसाठी उठून पलीकडे बसावं लागणार होतं, आणि पलीकडे ऊन आलं होतं. निम्मे कामाला लागले की बाकीचे निभावून जातात, असा मी विचार केला. आमच्या ऑफिसात तरी तसंच चालतं.

संध्याकाळी बॅटरी परत मिळाली. करवत लोण्यात सुरी जावी तशी ओंडक्यात शिरली. सासरे खूश झाले. मग ती हळूच उजवीकडे वळली. मी डावीकडे रेटतोय आणि ती रुसून माहेरी निघाल्यासारखी आपल्याच वाटेने! पहिलं आसन निघालं ते थेट घसरगुंडी. लाकडातच वाक आहे, असं मी जाहीर केलं. दुसरं त्याहून तिरपं आलं, तेव्हा अंगणाला उतार असल्याचं माझ्या लक्षात आलं. तिसऱ्याच्या वेळी दोष द्यायला काही उरलं नाही, आणि ओंडकाही उरला नाही.

सासरे स्वभावाने भिडस्त. जावयाचं मन राखायला ते त्यातल्या त्यात बऱ्या आसनावर बसले आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता सावकाश गवतात उतरले. सासूबाई त्यांच्या शेजारी गवतातच बसल्या.

बायकोने बॅटरी काढली, हातमोजे चढवले आणि साखळी उतरवून वडिलांसमोर धरली. एक दात चकचकीत, एक काळा, एक चकचकीत, एक काळा. सासऱ्यांनी चष्मा पुसून नीट पाहिलं.

“जावईबापू,” ते अगदी काळजीने म्हणाले, “सकाळी स्वतःचे दातही तुम्ही असेच घासता का? सोयीच्या बाजूचे?”

सगळे पोट धरून हसले. मीही हसलो, पण तोंड मिटून.