मुक्तीचे दगड

डोल्करच्या दारासमोर दगडांचा एक ढीग नऊ वर्षं पडून होता. दगड संडासाचे होते. म्हणजे, संडास बांधायचे. तिच्या नवऱ्याने, राबतेनने, लग्नानंतर मोठ्या उमेदीने ते याकांच्या पाठीवर लादून आणले होते आणि तेव्हापासून तो चांगल्या दिवसाची वाट पाहत होता.

चाकथांग गावच्या बायका नदीवरून पाण्याची पिंपं पाठीवर वाहून आणत. थंडीत आधी बर्फ फोडायचा, मग पाणी भरायचं. त्या वर्षी एका परदेशी संस्थेने डोंगरातल्या झऱ्यापासून गावात अकरा नळ आणायचं कबूल केलं. सातवा नळ डोल्करच्या दारात येणार होता. अट एकच होती, कामामुळे गावच्या संस्कृतीला धक्का लागता कामा नये. धक्का लागतो की नाही हे बघायला हेन्रिक साहेब आले.

साहेबांनी गावच्या माणसांसारखा लांब चुबा, जाड लोकरी अंगरखा, घातला होता, एक बाही रीतसर लोंबत सोडलेली. भर उन्हात घामाने निथळत होते, पण चुबा काढायला तयार नव्हते. डोल्करच्या दाराशी येताच ते थबकले. ढिगावर बांधलेल्या दोरीवर मुलांचे धुतलेले रंगीबेरंगी कपडे देवस्थानाच्या पताकांसारखे फडफडत होते. साहेबांनी टोपी काढली, ढिगाला कपाळ टेकवलं आणि उजवी घालून प्रदक्षिणा सुरू केली.

"अगं बाई, संडासाच्या पाया पडला!" डोल्कर म्हणाली.

"गप," गावचा मुखिया गोन्पो कुजबुजला. "कागदावर सही होईपर्यंत पाहुण्याला चूक म्हणायचं नाही. चला, फिरा सगळे."

सगळे फिरले. राबतेनही फिरला, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्या दगडांकडे त्याने मान वर करून पाहिलं.

साहेबांनी विचारलं, हे काय आहे? दुभाषा नामडाक शाळामास्तर होता, भिडस्त माणूस. तो डोल्करकडे वळला. "वहिनी, काय सांगू?"

"खरं सांग! रोज सकाळी उठून जायची जागा व्हायची होती ती!"

नामडाकची जीभ अडखळली. एवढ्या मोठ्या माणसासमोर संडास कसा म्हणायचा? तो म्हणाला, "रोज सकाळी माणसं इथे येऊन मोकळी होतील, असं त्या म्हणतात."

साहेबांनी वहीत लिहिलं, 'मुक्ती'. खाली दोन रेघा मारल्या.

तिसऱ्या दिवशी नवा नकाशा आला. पवित्र स्थानापासून तीस पावलांत खोदकाम बंद. पाइप वळसा घालून गेला आणि सातवा नळ सरकला शेजारच्या यांगचेनच्या दारात. यांगचेनशी डोल्करचं चार वर्षं बोलणं नव्हतं.

डोल्करने बाह्या सावरल्या आणि ढीग उपसायला घेतला. सहावा दगड फेकते न फेकते तोच साहेब धावत आले. डोळ्यांत पाणी. स्थान मोडत असेल तर संस्था सगळ्याच गावाचं काम थांबवील, म्हणाले.

गोन्पोने हात जोडले. "डोल्कर, माझे आई, ठेव दगड जागेवर. अकरा नळांचा प्रश्न आहे."

"आणि मी नदीवर जाऊ?"

"गावासाठी."

"काका, गावासाठी नेहमी माझ्याच पाठीवर पिंप कसं येतं हो?"

तिने शिव्या घालत एकेक दगड परत रचला. साहेबांनी नामडाकला विचारलं, ही कोणते मंत्र म्हणते आहे? नामडाकने सांगितलं, फार जुने आहेत.

शेवटचा उपाय म्हणून ती मठातल्या म्हाताऱ्या लामाजींना घेऊन आली. "तुम्ही तरी सांगा, हे पवित्र नाही म्हणून."

लामाजी काठी टेकत आले आणि बघतच राहिले. एव्हाना गावातल्या दहाबारा म्हाताऱ्या माळा ओढत ढिगाभोवती फिरत होत्या. मठाची चढण गुडघ्यांना झेपत नव्हती, इथे सपाट जमीन होती. त्यांत डोल्करची सासूही होती.

"माझ्याकडे सकाळी एवढी गर्दी नसते," लामाजी जरा दुखावून म्हणाले. "पोरी, इतक्या जणींनी मंत्र म्हटल्यावर दगड बिचारे काय करणार? झाले पवित्र."

डोल्कर पायरीवर बसली. लोणी घातलेल्या चहाचा वाडगा निवून वर थर थिजला. म्हाताऱ्या फिरत होत्या, धापा टाकत होत्या, आणि दर दोन फेऱ्यांनी तिच्याकडेच पाणी मागत होत्या.

ती उठली आणि नामडाकला ओढत साहेबांच्या तंबूत घेऊन गेली. "सांग त्यांना. पवित्र जागी आलेल्याला तहानलेलं पाठवणं आमच्यात पाप असतं. पाणी जागेला लागूनच हवं. वाडवडिलांपासूनची चाल आहे."

नामडाकने या वेळी शब्दाला शब्द सांगितला.

"अहो, मग हे आधी का नाही सांगितलंत?" साहेब कळवळले. गावची संस्कृती तपासायचा त्यांचा चाळीस पानी प्रश्नांचा तक्ता त्यांनी पुन्हा पुन्हा चाळला. त्यात नाच होते, लग्नं होती, दागिने होते. पाणी कोण भरतं हा प्रश्न कुठेच नव्हता. तो त्यांनी समासात हाताने लिहिला आणि पुढे लिहिलं, 'धार्मिक विधी'.

आठवड्यात डोल्करच्या दारात नळ आला. एक नव्हे, दोन. दुसरा यात्रेकरूंसाठी.

उद्घाटनाला घातलेले खता, मानाचे पांढरे शेले, अजून नळांच्या गळ्यात होते, तेव्हा पलीकडच्या खोऱ्यातला मुखिया फटफटीवरून आला. त्याच्या गावचा पाण्याचा अर्ज तीन वर्षं पडून होता. तो दोन वाडगे चहा प्याला, खोऱ्यातल्या बर्फाबद्दल बोलला, याकांच्या खुरांबद्दल बोलला, आणि मग हळूच खुर्ची पुढे ओढली.

"ताई, खरं सांगा. दगड साधारण किती लागतात?"

"दगड कितीही चालतात," डोल्कर म्हणाली. "साहेब पाया पडेल तेव्हा हसू नका, म्हणजे झालं."