दादासाहेबांचे खानदानी कोंबडे

मी पदवीधर झालो तो रावपुऱ्यातल्या दादासाहेब जगदाळ्यांमुळे. डभोईहून शहरात शिकायला आलेल्या मला त्यांनी भाडं न घेता वरची खोली दिली. खोलीपुढच्या गच्चीवर त्यांच्या कोंबड्या होत्या, एवढीच काय ती अडचण.

कोंबडा विकत घेताना दादासाहेब तो उलटा धरून विकणाऱ्याला विचारत, "याचा आजा कोण?"

त्यांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. त्यामुळे घरच्या रश्श्यालाही शुद्ध रक्त हवं. "ब्रॉयलर खाणं म्हणजे भाड्याच्या घोड्यावरून मिरवणं!" असील, कडकनाथ आणि अंकलेश्वरी अशी तीन घराणी तीन खुराड्यांत नांदत होती. असील पहिलवान, उशिरा शिजतो, पण रस्सा खावा तर त्याचाच. कडकनाथ मांसासकट काळा; पाहुण्यांवर छाप पडते. अंकलेश्वरी अंगानं लहान, पण दाणाही कमी खाते. पैदास कुणाची वाढवायची, हे काही ठरत नव्हतं.

शेजारचे जयंतीभाई, स्वतः कांदाही न खाणारे, कठड्यावरून विचारत, "दादा, कापवाना क्यारे? कधी कापणार?"

"अरे, आधी खानदान तर पक्कं होऊ द्या!"

दादासाहेबांच्या पत्नी, म्हणजे काकी, म्हणत, "तुमची निवड होईपर्यंत माझे दात पडतील." रविवारी कोपऱ्यावरून गुपचूप ब्रॉयलरच येई.

अखेर असील ठरला. पहिला कोंबडा कापला तो काकींचे थोरले भाऊ आले तेव्हा. सगळे एका पंगतीला बसलो. त्यांनी मला न्याहाळलं. "आडनाव काय म्हणालास? म्हणजे तुम्ही कुणातले?"

मी जात सांगितली. ते पाटावरून अर्धे उठले. आता खोली गेली आणि शिक्षणही गेलं, असं वाटलं. दादासाहेबांनी मला हे कधी विचारलंच नव्हतं.

ते माझ्या ताटात तंगडी वाढत म्हणाले, "भाऊसाहेब, चौकशी कोंबड्याची करा, सात पिढ्या सांगतो. हा पोरगा घरचा आहे."

भाऊसाहेबांनी दाराकडे पाहिलं, मग रश्श्याकडे. बसले. वर दोनदा रस्सा मागून घेतला.

परवा मी दादासाहेबांना पत्र पाठवलं:

"ती. दादासाहेबांस सा. न.
नोकरी कायम झाली. लग्नही ठरतंय. वडील नाहीत, तेव्हा बोलणी तुम्ही करावीत अशी आईची इच्छा आहे. मुलीकडचे रविवारी डभोईला येतील. स्वयंपाक आई करणार आहे. काकींना घेऊन जेवायलाच या. तुम्ही आमच्या घरी अजून कधी जेवला नाहीत. याल ना?"