मन्मथअप्पा आणि आकड्यांचं मासिक

मासिक नवीन आलं की लोक त्याचं मुखपृष्ठ बघतात. मन्मथअप्पा मासिक जुनं व्हायची वाट बघायचे. महिना सरला की रॅकवरचा अंक उचलून ते दुकानाच्या पायरीवर उन्हात यायचे, एक डोळा मिटायचे आणि मिटलेल्या अंकाच्या कडेकडे टक लावून बघत राहायचे. रस्त्यानं जाणाऱ्या नवख्या माणसाला वाटायचं, दुकानदाराचं काहीतरी बिनसलंय. मग अप्पा कडेवरून अंगठा फिरवून निकाल द्यायचे, "निम्म्यापर्यंत मळलंय. पुढं एक माणूस गेला न्हाई. बेकार!"

त्या अंकाचा धंदा लातुरातून उठला असं समजायचं.

गंजगोलाईच्या बाजारपेठेपासून हाकेच्या अंतरावर अप्पांचं पुस्तकांचं दुकान होतं. जूनमध्ये वह्या-पुस्तकांवर वर्षाचं भागायचं आणि उरलेले महिने अप्पा मासिकांवर संशोधन करायचे. दुसऱ्या दुकानांत कुणी फुकट चाळायला लागलं की मालक खाकरायचा. अप्पा स्टूल सरकवून द्यायचे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात बंडी. हात जोडून "शरणार्थ, बसा, वाचा" म्हणायचे.

"अप्पा, असं केल्यावर विकणार काय?" मी एकदा विचारलं होतं.

"विकलेलं मासिक मला काय सांगतंय? ते तर गेलं. घरी नेऊन वाचलं का त्याच्यावर पापड वाळवले, मला काय मालूम? इथं राहिलेलं मासिक बोलतंय, नांदेडकर."

लातूरच्या माणसाच्या बोटाला शेंगदाणा, पान, तंबाखू किंवा निदान धूळ असतेच. त्यामुळे जी पानं वाचली गेली त्यांची कड काळी आणि जी नाही वाचली ती पांढरी, असं त्यांचं शास्त्र होतं. कुठलं मासिक ठेवायचं, कुठलं बंद करायचं, ते या कडेवरून ठरायचं. हे शास्त्र कधीकधी तोंडावरही पडायचं. कुक्कुटपालनाचं एक मासिक या टोकापासून त्या टोकापर्यंत काळंकुट्ट निघालं, तेव्हा अप्पांनी गठ्ठाच मागवला. पुढं कळलं, की शेजारचा चहावाला त्या अंकानं शेगडीला वारा घालत होता. अप्पा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "कड खोटं बोलली न्हाई. हात कुणाचे, ते मी विचारलं न्हाई."

मी नांदेडचा. नव्या जिल्ह्याच्या एका नव्या कचेरीत कारकून म्हणून आलो होतो. गावात पाट्यांचा रंग तेवढा ओला होता, बाकी सगळं कोरडं. पाऊस दोन वर्षं नीट झालेला नव्हता. संध्याकाळी करायला काही नाही म्हणून मी अप्पांच्या स्टुलावर फुकट वाचायला बसू लागलो आणि एक दिवस लाज वाटून कॉम्प्युटरचं एक मासिक विकत घेतलं. कॉम्प्युटरशी माझा संबंध नव्हता. पण ते इंग्रजी होतं, गुळगुळीत होतं, आणि काखेत धरलं की नाव बाहेरून दिसत होतं. कचेरीत मी ते नाव बाहेर ठेवूनच हिंडायचो.

व्हायचं तेच झालं. कचेरीत कॉम्प्युटर आला, साहेबांनी "हे कुणाला जमतं?" असं विचारलं आणि सगळी कचेरी माझ्या काखेकडे बघू लागली. त्या दिवसापासून मी कॉम्प्युटरवाला झालो. यंत्राला गरम सोसत नाही म्हणून खोलीत कूलर बसवला. आम्हाला प्यायला पाणी नव्हतं, पण कूलरला टँकरचं पाणी यायचं. खोलीची किल्ली माझ्याकडे. त्या उन्हाळ्यात माझी जी काही इज्जत वाढली ती कॉम्प्युटरमुळे नव्हे. लोक तांब्या घेऊन कूलरकडे यायचे.

आता ही मासिकं लातुरात आली कशी, ते सांगायला हवं. कुणी मागवली नव्हती. सिनेमाचं साप्ताहिक पाहिजे असेल तर सोबत ही दोन घ्यावी लागतील, अशी एजंटची अट होती. अप्पांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांनी नावं ठेवली. एकाच्या मुखपृष्ठावर दर महिन्याला यंत्राशेजारी एक हसरी बाई असायची, ते 'बाईचं'. दुसरं पातळ, कळकट छपाईचं, पानापानांवर इंग्रजी अक्षरं आणि आकडे, ते 'आकड्यांचं'. सहा महिन्यांनी एजंट म्हणाला, दोन्ही नको असतील तर एकच ठेवा.

अप्पांनी मला बोलावलं. "तुम्ही यातले. सांगा."

मी गंभीर चेहरा करून 'बाईचं' उचललं. "हे. यात जास्त ज्ञान आहे."

"किती वाचलंत?"

"चाळलंय."

अप्पांनी दोन्ही अंक उन्हात नेले. 'बाईचं' सुरुवातीला काजळासारखं काळं आणि पुढं कोरं. माझंही ज्ञान तेवढ्याच पानांचं होतं, त्यामुळे मी गप्प बसलो. 'आकड्यांचं' मात्र वेगळं होतं. काळा डाग नाही, पण कड सगळीकडे पिवळट.

"हे काय?"

अप्पांनी कड नाकाशी नेली. "हळद."

दुकानाच्या मागे पडदा आणि पडद्यामागे अप्पांचं घर. थोरली मुलगी महानंदा बारावी सायन्स होऊन घरी बसली होती. सकाळी दुकान उघडायच्या आत ती अंक आत न्यायची आणि फोडणी-भाकरीच्या अधूनमधून वाचून पुन्हा रॅकवर ठेवायची.

"माझ्याच दुकानात माझीच पोरगी चोरून वाचून राहिली," अप्पा म्हणाले. असं म्हणताना ते ज्या तऱ्हेनं हसले, तसे सिनेमाच्या साप्ताहिकाचा सगळा गठ्ठा संपला तरी हसत नसत.

'बाईचं' खपत होतं. त्यांनी ते बंद केलं. 'आकड्यांचं' ठेवलं.

मग पडद्याआड लपायचं कारण उरलं नाही. महानंदा सरळ दुकानात येऊन मला विचारू लागली. "दादा, तुमच्याकडं खरा कॉम्प्युटर हाय म्हणं?"

"आहे."

"मग हा प्रोग्रॅम टाकून बघा ना. मला वाटतंय पडद्यावर गोल यील. पण नुसतं वाटून काय करायचं?"

मी दुपारभर दोन बोटांनी ते आकडे टाकले. यंत्र दरवेळी चूक आहे म्हणायचं. साहेब खोलीत डोकावले तेव्हा मी जिल्ह्याचं काम करत असल्यासारखी मान हलवली. संध्याकाळी पडलेल्या चेहऱ्यानं दुकानात गेलो. "नाही आला गोल. चूक दाखवतोय."

तिचा चेहरा एकदम उजळला. "चूक दाखवतो? कोणत्या ओळीला?"

"ते नाही बघितलं."

"बघायचं ना दादा!" ती कपाळावर हात मारून म्हणाली. "तिथंच तर सगळी मजा हाय!"

अप्पा गल्ल्यावर बसून आमच्याकडे बघत होते. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं.

नांदेडला कॉम्प्युटरचा एक क्लास निघाला होता आणि महानंदाचे मामा नांदेडलाच होते. तिला तिथं ठेवायचं का, हा विचार अप्पांनी अख्खा हिवाळा केला. मला विचारलं, मामाला विचारलं, जंगम स्वामींना विचारलं. शेवटी स्वतः एसटीनं नांदेडला गेले. क्लासवाल्यानं फीचा कागद पुढं केला. अप्पांनी तो बाजूला ठेवला आणि म्हणाले, "यंत्र दाखवा." यंत्रापुढं वाकून, एक डोळा मिटून ते बटणं बघत बसले. पोरं हसायला लागली तरी हलले नाहीत.

परत आले ते एसटी स्टँडवरून सरळ दुकानात. तोंडसुद्धा धुतलं नाही.

"नांदेडकर, मधली बटणं सगळी काळी झाल्यात. कडंची तेवढी साफ. म्हंजे पोरं खरंच बसतात. जूनपासून धाडायची."

पडद्यामागून बांगड्या वाजल्या. त्या दिवशी मला चहाबरोबर शेंगदाण्याचा लाडू मिळाला. माझं त्यात काहीच कर्तृत्व नव्हतं, म्हणून मी दोन खाल्ले.

पण जूनच्या आधी एप्रिल होता. नळ कोरडे पडले होते. टँकर आला की बायका घागरी घेऊन पळायच्या, भांडणं व्हायची, महानंदाच्या पायावर एकदा भरलेली घागर आदळली आणि ती महिनाभर लंगडत होती. आणि त्या उन्हाळ्यात आमच्याकडं लग्नांचा सपाटा लागला. दुष्काळाच्या साली लग्न छोटं केलं तरी कुणी नाव ठेवत नव्हतं. जेवणावळ नाही, वऱ्हाड नाही, सरबतावर भागायचं. एरवी ज्या बापाला पोरीच्या लग्नाची धास्ती, तो त्या साली म्हणायचा, उरकून घ्या, असं साल पुन्हा मिळणार नाही.

निलंग्याहून स्थळ आलं. आडतीचं दुकान, एकुलता मुलगा, माणसं चांगली. बोलता बोलता मुलाचे वडील म्हणाले, "आमच्या अंगणात बोअर हाय. अजून पाणी हाय त्याला."

अप्पांच्या पुढ्यातला चहा निवायच्या आत लग्न ठरलं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. "अप्पा, अन् नांदेडचं?"

"तिथं बोअर हाय, नांदेडकर. पोरीला घागर घेऊन पळावं लागणार न्हाई."

"पण तुम्हीच तर..."

"ते म्हणलेत, हौस असंल तर शिकू द्यू."

"मुलाला बघितलंत का नीट?"

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. एका पातळ मासिकासाठी महिना घालवणारा हा माणूस. मग ते रॅक पुसायला लागले. तो आधीच पुसलेला होता.

लग्न सरबतावर झालं. महानंदानं मला वाकून नमस्कार केला. "दादा, आता कोणत्या ओळीला चूक हाय ते बघत जा," एवढं म्हणाली. मी हसलो. तिला दुसरं काय बोलावं ते सुचलं नाही, हे मला घरी गेल्यावर कळलं.

'आकड्यांचं' मासिक आता कुणीच वाचत नव्हतं. तरी अप्पांनी ते चालू ठेवलं. एजंट म्हणाला, "अप्पा, हे कामून घेता? वापसी तरी करा." अप्पा म्हणाले, "गिऱ्हाईक हाय त्याचं. बाहेरगावी असतंय." अंक आला की ते त्याला सुतळी बांधायचे, अशी गाठ मारायचे की सुटता सुटू नये, आणि निलंग्याकडं जाणारं कुणी सापडलं की त्याच्या गळ्यात घालायचे. एसटीचे कंडक्टर तर अप्पा दिसले की तोंड फिरवायचे.

त्या सालचा पावसाळाही कोरडा गेला. एकदा टँकरच्या कामासाठी कचेरीची जीप निलंग्याला निघाली आणि माझी पाळी आली. अप्पांनी पुडकं माझ्या हातात दिलं. "नुसतं देऊन येऊ नका. बसा जरा. बघून या."

घर मोठं होतं. सासूबाईंनी आदरानं बसवलं, चहा ठेवला. कुणाला नाव ठेवायला जागा नव्हती. थोड्या वेळानं दारातून महानंदा आली. कमरेवर घागर होती. मला बघून तिनं ती घाईघाईनं खाली ठेवली आणि पदरानं तोंड पुसलं.

"बोअर?" मी हळूच विचारलं.

"आटला की, दादा. लग्नानंतर लगीच. अप्पाला सांगितलं न्हाई. तुम्ही बी नका सांगू."

मी पुडकं दिलं. तिनं ते दोन्ही हातांनी घेतलं, आणि आतल्या फळीवर ठेवलं. तिथं आधीची पुडकी एकावर एक होती. सगळ्यांची सुतळी तशीच. अप्पांची गाठ एकाचीही सुटलेली नव्हती.

"वेळ नाही मिळत का?"

"वेळ मिळतो, दादा." सासूबाई चहा गाळत होत्या, तिकडं एकदा बघून ती म्हणाली, "पण उघडलं की मग मिटावं लागतंय."

चहा पिऊन मी उठलो. ती दारापर्यंत आली. "अप्पाला सांगा, वाचती म्हणून."

परत आलो तेव्हा दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. अप्पांनी स्टूल सरकवलं.

"बोअर चालू हाय ना?"

"चालू आहे."

"अन् मासिक? तुमच्यासमोर उघडलं?"

"उघडलं की! चहाला थांबवलं मला आणि आपण वाचत बसली." मी रंगात आलो. थोडक्यात आवरायचं मला कधीच जमलं नाही. "पहिल्या पानापासून सुरुवात. मी निघालो तरी मान वर नाही."

अप्पांचा हात रॅकवर थांबला.

"पहिल्या पानापासून?"

"हो."

त्यांनी रॅकवरचा एक अंक सरळ केला. मग हळूच म्हणाले, "ती मागून वाचती, नांदेडकर. लहानपणापासून. कुठलं बी पुस्तक दिलं की आधी शेवट बघायची अन् मग उलटी उलटी पुढं यायची. मी लई रागवायचो."

मी स्टुलावरून उठलो, पुन्हा बसलो.

तेवढ्यात पडद्यामागून महानंदाच्या आईचा, काकूंचा आवाज आला. "आले का निलंग्याहून? काय म्हणली पोरगी?"

मी तोंड उघडलं. अप्पांनी हातानंच मला गप्प केलं आणि घसा साफ करून, एरवीपेक्षा जरा मोठ्यानं म्हणाले,

"बरी हाय! मासिक वाचत बसली होती म्हणत्यात. पहिल्या पानापासून."

आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता, तो थांबला.